खार, कासव आणि यमक

लहान मुलांच्या पुस्तकांची समीक्षा करण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. दिवाळीच्या सुमारास चार ओळींचा परिचय येतो, ‘मुलांना खचित आवडेल’ असे त्यात म्हटलेले असते, आणि विषय तेथेच संपतो. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले ते वाचक पाच वर्षांचे असतात. ते संपादकांस पत्र लिहीत नाहीत. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ही उपेक्षा एक वेळ परवडेल. तेथे पुस्तकाने काम केले नाही तर अंगण करते, शाळा करते, रस्ता करतो. नोकरीच्या निमित्ताने परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी मात्र मुलाच्या मराठीचा बराचसा भार आई, आजी आणि पुस्तक ह्या तिघांवर असतो. त्यातील पुस्तकाची पारख आपण केली पाहिजे. ह्या लेखात आम्ही त्याच्या एकाच प्रकाराविषयी बोलणार आहोत: घरात भलतेच प्राणी पाळल्याची गंमत सांगणारे, यमकात बांधलेले चित्रमय पुस्तक.

हा प्रकार निवडण्यास कारण घडले ते जबलपूरच्या सराफ्यात. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी सायंकाळी तेथील एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही मुलांना पुस्तके वाचून दाखवीत असतो. मुले आठ-दहा, वये चार ते सात. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाची आई बँकेत, कोणाचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. खाली सोनारांच्या हातोड्यांचा बारीक ठोका चालू असतो आणि वर आमचे वाचन. यमकाचे पुस्तक असले म्हणजे आम्ही एक पथ्य पाळतो: दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी थांबावयाचे, चित्रावर बोट ठेवावयाचे, आणि तो शब्द मुलांकडून येऊ द्यावयाचा. एकदा हाताशी योग्य पुस्तक नव्हते म्हणून आम्हीच दोन ओळी जुळवल्या आणि पाटीवर चित्र काढले:

कोण ठोठावतं आमचं दार?
शेपूट फुगवून आली...

चित्र सर्वांनी ओळखले. ‘गिलहरी!’ असा एकच गलका झाला. आणि लगेच शांतता पसरली. काही तरी चुकले हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या कानांनीच सांगितले. दारावर जे ठोठावत होते ते आत येऊ शकत नव्हते. मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी कोपऱ्यातील एक पाच वर्षांची मुलगी, स्वतःच्याच शब्दाविषयी साशंक असल्यासारखी, हळूच म्हणाली, ‘खार?’ तो शब्द तिने नागपूरच्या आजीकडून उन्हाळ्याच्या सुटीत ऐकलेला होता. त्या दिवसापासून त्या माडीवर कोणी खारीला गिलहरी म्हणाले की दुसरा कोणी ‘दार’ म्हणून ओरडतो.

ह्या लहानशा प्रसंगात आमच्या सांगण्याचे सारे सार आहे. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला पोळी, ताट, आंघोळ, चप्पल हे शब्द येतात, कारण ते दिवसातून दहादा कानी पडतात. खार, मुंगूस, घोरपड, साळिंदर, वटवाघूळ, गोगलगाय हे शब्द मात्र घरात कोणी उच्चारीत नाही. ते येतात ते शाळेच्या वाटेने, आणि येताना गिलहरी, नेवला, गोह, साही, चमगादड, घोंघा होऊन येतात. परप्रांतातील मराठी प्रथम पाठ फिरवते ती घराबाहेरच्या जगाला. स्वयंपाकघर ती सर्वांत शेवटी सोडते. म्हणूनच विचित्र पाळीव प्राण्यांचे पुस्तक हे आमच्या दृष्टीने केवळ करमणुकीचे साधन नव्हे. ते घराबाहेरचा प्राणी घरात आणते, आणि त्याच्याबरोबर त्याचे हरवलेले नावही आणते. ते नाव टिकवण्याचे काम चित्र करू शकत नाही. खारीचे चित्र गिलहरीचेही चित्र असतेच. गद्यही ते करू शकत नाही, कारण गद्यात एक शब्द काढून दुसरा घातला तरी वाक्य मोडत नाही. ते काम यमक करते. ‘दार’ उघडे राहिले की ‘खार’ आलीच पाहिजे.

यमक शब्दाचे रक्षण करते, तसेच व्याकरणाचेही. हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे येथली आपली मुले ‘तो कासव आला’, ‘तो माकड बसला’ असे सर्रास बोलतात आणि मोठी माणसे हसून सोडून देतात. एका रविवारी आम्ही कासवाचे चित्र काढून म्हटले:

कासव आमचं कुळकुळीत काळं,
पाठीवर त्याच्या विणलेलं जाळं.

एका मुलाने ती म्हणताना सवयीने ‘कासव आमचा काळा’ असे केले, आणि पुढे ‘जाळं’ आले तेव्हा अडखळला. त्याने मागे जाऊन ‘काळा’चे ‘काळं’ केले. आम्ही एक अक्षरही बोललो नव्हतो. शंभर वेळा ‘ते कासव म्हण’ असे सांगून जे साधले नसते ते एका जाळ्याने साधले.

येथे एक गोष्ट सहज ध्यानात येते, आणि ती आम्हांस मोलाची वाटते. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, रेडकू, पाखरू, पिल्लू ही सारी मराठीत नपुंसकलिंगी. आणि त्याच रांगेत लेकरू आणि मूल. आपल्या भाषेने माणसाचे पोर आणि जनावराचे पोर एकाच दावणीला बांधले आहे. ज्या मुलाला ‘ते’ हे सर्वनाम परके झाले, त्याची ह्या गोतावळ्याशी असलेली सोयरीकही तुटली. मुलाला कोकराचा लळा का लागतो ह्याचे उत्तर मानसशास्त्र आपल्या परीने देईलच. मराठी व्याकरण ते कधीचेच देऊन बसले आहे.

आता ह्या कसोटीवर आपले वाङ्मय कसे उतरते ते पाहू. आपल्या बालपद्यात प्राण्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारे मूल फार पूर्वी आले. अवघे १८७५ ते १८९९ इतकेच आयुष्य लाभलेल्या दत्त कवींच्या एका गीतात मूल आपल्या मोत्या कुत्र्याला मुळाक्षरे शिकवू पाहते. तेथे कुत्रा नेहमीचाच, पण त्याला विद्यार्थी करण्यात नवल आहे. पुढे ह्या नवलाला खरी मोकळीक दिली ती विंदा करंदीकरांनी. ‘स्वेदगंगा’ (१९४९), ‘मृद्गंध’ (१९५४) आणि ‘धृपद’ (१९५९) हे प्रौढांसाठीचे तीन संग्रह लिहून झाल्यावर १९६१ साली त्यांचे ‘राणीची बाग’ व ‘एकदा काय झाले’, १९६३ साली ‘सशाचे कान’ व ‘एटू लोकांचा देश’, आणि पुढे १९७४ साली ‘अजबखाना’ ही बालकवितांची पुस्तके आली. नावांवरूनही दिसते की कवी मुलांना शहाणे करावयास निघालेला नाही. तो त्यांच्या तर्हेवाईकपणात भागीदार झाला आहे. विंदांचे यमक ओढूनताणून आणलेले नसते. बोलता बोलता माणूस ज्या शब्दावर सहज येईल त्याच शब्दावर ते येते, आणि तरीही ते आल्यावर आश्चर्य वाटते. मुलाला नेमके हेच हवे असते: अपेक्षा करता यावी, आणि अपेक्षेपेक्षा थोडे अधिक मिळावे.

‘राणीची बाग’ हे नाव ऐकून सराफ्यातील एका मुलाने विचारले, ‘राणी दुर्गावतीची?’ मुंबईच्या मुलास ही भायखळ्याची बाग; व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळालेले ते उद्यान आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखले जाते. जबलपूरच्या मुलास राणी एकच ठाऊक, १५६४ साली रणात पडलेली गढा-मंडल्याची दुर्गावती. आणि तिच्या हत्तीचे सरमन हे नावही त्याला ठाऊक. तेव्हा त्याच्या मनात वाघ-हत्ती पाळणारी एक खरीखुरी राणी उभी राहिली. आम्ही त्याची चूक सुधारली नाही. परप्रांतातील वाचन असेच असते. मूळ संदर्भ सुटतो आणि जागेचा संदर्भ त्याच्या जागी येऊन बसतो. चांगले पुस्तक तो सामावून घेते. विंदांच्या पुस्तकाने घेतला.

नवलाचे प्राणी निर्माण करण्यास केवळ लहर पुरते असे आपल्याकडे काही लेखक समजतात. इंग्रजीतील ह्या प्रकारचा अध्वर्यू एडवर्ड लिअर ह्याचे चरित्र वेगळे सांगते. तो आधी प्राण्यांचा चित्रकार होता. लंडनच्या प्राणिसंग्रहातील जिवंत पोपटांवरून काढलेल्या चित्रांचे त्याचे पुस्तक १८३२ साली पूर्ण झाले; पुढे डर्बीच्या अर्लच्या खाजगी प्राणिसंग्रहातील पशुपक्षी रंगवीत असताना त्याने त्या घरातील मुलांसाठी वेड्या-वाकड्या कविता रचल्या, आणि त्यातून १८४६ चे प्रसिद्ध पुस्तक झाले. पोपटाचे पीसन् पीस ज्याने मोजले होते त्यालाच पोपटाची थट्टा करता आली. हाच लिअर १८७३ ते १८७५ ह्या काळात हिंदुस्थानात हिंडला, आणि १८७४ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता आली. तीत साहेबाच्या बंगल्यात रोज ऐकू येणाऱ्या देशी शब्दांना त्याने झाडे, पाखरे आणि श्वापदे बनवले आहे; कमरबंद तर त्यात माणूस गिळणारा पशू होऊन बसतो. परकी भाषा ऐकणाऱ्याच्या कानी शब्द असेच प्राण्यासारखे येतात. आपल्या मुलांच्या कानी घोरपड हा शब्द आज ह्याच तर्हेने येतो, ही मात्र हसण्यासारखी गोष्ट नव्हे.

आमच्या शेजारच्या बंगालीत सुकुमार राय ह्यांनी १९२३ च्या ‘आबोल ताबोल’मध्ये ह्याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी प्राण्यांच्या नावांचीच कलमे केली आणि चित्रेही स्वतःच काढली. बक आणि कच्छप ह्यांचा त्यांनी केलेला प्राणी पाहावा: बकाच्या शेवटी ‘क’, कच्छपाच्या आरंभी ‘क’, आणि सांधा त्या एका अक्षरात दडलेला. मराठीत हे आणावयाचे तर प्राणी तेच ठेवून चालणार नाही. सांधा जुळला पाहिजे. आम्ही मुलांना ‘बदक’ आणि ‘कासव’ दिले; ‘बदकासव’ त्यांनी दिले. मग झुंबड उडाली. उंट आणि टिटवीची ‘उंटिटवी’ झाली. मोर आणि रेडा ह्यांचा ‘मोरेडा’ झाला, आणि रेडा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना पैठणास वेद बोललेल्या रेड्याची गोष्ट सांगावी लागली. ह्या खेळाची अट एकच: दोन्ही शब्द मराठी असले पाहिजेत, नाही तर सांधा बसत नाही. एका संध्याकाळी मुलांनी आपखुशीने जितके मराठी शब्द शोधले तितके आम्ही वर्षभरात शिकवू शकलो नसतो.

आता दोषांकडे वळू. अलीकडे बाजारात येणारी बरीच यमकबद्ध चित्रपुस्तके इंग्रजीवरून उतरवलेली असतात, आणि त्यांतील दोष अनुवादकाच्या आळसाचा नसून रचनेचाच आहे. इंग्रजी पुस्तकात बकरी होडीत बसलेली असते. का? तर ‘गोट’ आणि ‘बोट’ ही इंग्रजीत जोडी जुळते. चित्र यमकाच्या पोटी जन्मलेले असते. मराठीत ओळ बदलते, यमक बदलते. चित्र मात्र विकत घेतलेले असल्यामुळे तेच राहते. बकरी होडीत का, ह्याचे उत्तर मग पुस्तकात कोठेच नसते. मुलांनी ते आम्हांस विचारले, आणि आम्हांस सांगता आले नाही. मराठी बकरीची जोडी भाकरीशी आहे. तिला भाकरी चोरताना दाखवणारे चित्र नव्याने काढले पाहिजे. ते न करता अनुवादक ‘आहे–पाहे’, ‘झाला–आला’ अशी क्रियापदांची यमके शेवटी लावतो. अशा यमकात मुलाला ओळखण्यासारखे काही उरत नाही, कारण तेथे कोणतेही क्रियापद चालते. जे यमक कोणत्याही शब्दाने भरता येते ते कोणत्याच शब्दाचे रक्षण करीत नाही.

दुसरा दोष उसन्या आदर्शाचा. डॉक्टर स्यूस ह्यांचे १९५७ चे ‘द कॅट इन द हॅट’ अवघ्या २३६ निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले आहे, आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. अमेरिकन मुलाला नुकतेच वाचता येऊ लागलेले असते. शब्द थोडे असावेत ही त्याची गरज. आपल्या मुलाची गरज ह्याच्या नेमकी उलट आहे. त्याच्यापाशी मराठी शब्द आधीच थोडे आहेत. त्याला सोप्या शब्दांच्या नावाखाली पुन्हा तेच पन्नास शब्द देणे म्हणजे उपाशी मुलाला पथ्याचे जेवण वाढणे होय. त्याला घोरपड द्यावी, साळिंदर द्यावे, टिटवी द्यावी. वनखात्यात नोकरी करता करता मारुती चितमपल्ली ह्यांनी रानातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची नावे टिपून घेतली आणि कोश सिद्ध केले. ती नावे कोशात सुरक्षित आहेत हे खरे. पण मुलाच्या तोंडी ती यावयाची तर त्यांना यमकातूनच यावे लागेल.

दोन आक्षेपांचा विचार केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. एका अधिकारी पालकांनी आम्हांस विचारले, की दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये उंट पाळल्याच्या गोष्टी सांगून मुलांना खोटे का शिकवावे? हा आक्षेप जुना आहे. रशियात १९२८ साली कोर्नेय चुकोव्स्की ह्यांच्या मगरीवरील पद्यकथेवर अशाच तर्हेची टीका झाली होती. मुलांच्या भाषेची वर्षानुवर्षे टिपणे ठेवणाऱ्या चुकोव्स्कींनी पुढे ‘दोन ते पाच’ ह्या आपल्या ग्रंथात असल्या उलट्या-सुलट्या पद्यांची बाजू मांडली. तिचा इत्यर्थ असा, की उंट घरात मावत नाही हे ज्याला पक्के कळले त्यालाच उंट घरात आणल्याचे हसू येते. हसू हा समज पटल्याचा पुरावा आहे. शिवाय आपण मराठी माणसांनी हा आक्षेप घ्यावा ह्याचे नवल वाटते. उंदरावर बसणारा गणपती आपण घरी आणतो, चार श्वान आणि गाय बाळगणाऱ्या दत्ताला नमस्कार करतो. आणि ग्वारीघाटावर गेलो म्हणजे मगरीवर आरूढ झालेल्या नर्मदामाईचे दर्शन घेतो. सराफ्यातील मुलांना मगर घरी पाळल्याचे काहीच अप्रूप वाटले नाही. ‘नर्मदाजींकडे आहे,’ असे त्यांनी सहज सांगितले.

उलट एक खबरदारी मात्र खरी आहे. असली पुस्तके वाचून मूल खरोखरीचे कासव मागू लागते. आपल्याकडचे पोपट, मुंगूस, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव हे प्राणी पकडणे वा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरले आहे, आणि ते योग्यच आहे. मुलाला हे स्पष्ट सांगावे. पिंजऱ्यातील पोपट आता कवितेतच पाळावा; तेथे त्याला पिंजराही लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हिंदी मुलखात राहून ‘गिलहरी’ला विरोध करणे हा संकुचितपणा नव्हे काय? आमचा विरोध गिलहरीला नाही. ज्या १९७२ साली तो कायदा झाला त्याच साली महादेवी वर्मांचे ‘मेरा परिवार’ प्रसिद्ध झाले. घरातील खार, हरिणी, मोर ह्यांची त्यात त्यांनी रेखाटलेली शब्दचित्रे कोणत्याही भाषेला भूषणावह ठरतील. त्यांची बालमैत्रीण सुभद्राकुमारी चौहान ह्याच जबलपुरात राहिली आणि मुलांसाठी लिहिती झाली. आपल्या मुलांनी महादेवींची ‘गिल्लू’ वाचावी, अवश्य वाचावी. परंतु ज्याच्यापाशी खार आणि गिलहरी दोन्ही आहेत तो दोन घरांचा धनी, आणि ज्याने एक देऊन दुसरी घेतली त्याने नुसती अदलाबदल केली. सराफ्यात राहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागू नये.

पालकांस सूचना करण्याचा आम्हांस अधिकार नाही, अनुभव सांगतो. यमकाचे पुस्तक मुलाच्या हाती देऊन भागत नाही, ते मोठ्याने वाचावे लागते. अर्थ विचारू नये. तात्पर्य तर मुळीच सांगू नये. शेवटच्या शब्दापाशी थांबावे, आणि चुकीचा शब्द आला तरी घाईने दुरुस्ती करू नये. दुरुस्तीचे काम यमकाकडे सोपवावे. पाहुण्यांपुढे मुलाला कविता म्हणावयास उभे करू नये. आजी असेल तर पुस्तक आजीच्या हाती द्यावे, कारण पुस्तकात नसलेला एखादा शब्द तिच्यापाशी हमखास निघतो. आणि तीच दहा पुस्तके पुन्हा पुन्हा वाचण्याचा कंटाळा करू नये. मूल नव्या गोष्टीपेक्षा ओळखीच्या यमकाची वाट अधिक आवडीने पाहते.

आमच्या कवींपाशी आणि चित्रकारांपाशी मागणे एकच आहे. मराठी यमकातून जन्मलेली चित्रे असलेले, आपल्याच रानातील आणि अंगणातील प्राणी घरात आणणारे पुस्तक त्यांनी एकत्र बसून करावे. बकरीला भाकरी द्यावी, कासवाला जाळे द्यावे. ते होईपर्यंत सराफ्यातील माडीवर आम्ही पाटी-खडूने भागवीत आहोत. दिवाळीनंतर त्या पाच वर्षांच्या मुलीच्या वडिलांची बदली रायपूरला झाली. जाण्यापूर्वीच्या रविवारी तिने पाटीवर स्वतः चित्र काढले आणि बाकीच्यांना शेवटच्या शब्दापाशी थांबवून धरले. ह्या खेपेला गिलहरी कोणीही म्हणाले नाही.